थांक्यातला संत ओळखायचा कसा?

तिबेटी थांकाचित्रांच्या दालनात पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाला बहुधा सगळे चेहरे सारखेच वाटतात. कमळावर मांडी घालून बसलेली आकृती, अर्धवट मिटलेले डोळे आणि डोक्यामागे प्रभावळ असा एकच साचा पुन्हापुन्हा समोर येतो. देवदेवता तरी रंगावरून आणि हातांच्या संख्येवरून वेगळ्या काढता येतात. हिरवी तारा हिरवी असते आणि चार हातांचा अवलोकितेश्वर लांबूनही ओळखू येतो. खरी पंचाईत होते ती चित्रात माणसे आली की. भिक्षू, आचार्य, सिद्ध, लामा असे शेकडो संत या परंपरेने रंगवले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नाही. तरीही जाणकार माणूस एखाद्या आकृतीकडे क्षणभर पाहून हा अमुक, असे सांगतो, कारण तो चेहरा वाचतच नाही. तो कपडे, टोपी, हात, आसन, सोबतचे लोक आणि चित्रातली जागा वाचतो. ही वाचनाची रीत समजली तर थांक्यातली गर्दी हळूहळू उलगडू लागते.

थांका म्हणजे सुती कापडावर रंगवलेले, रेशमी किनखापाच्या चौकटीत शिवलेले आणि गुंडाळून ठेवता येणारे चित्र. मठातून मठात, छावणीतून छावणीत ते सहज नेता येत असे. त्यातल्या संतांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला बुद्धाचे शिष्य मानलेल्या अर्हतांचा, दुसरा नागार्जुन, असंग, धर्मकीर्ती अशा भारतीय आचार्यांचा, तिसरा चौऱ्याऐंशी महासिद्धांचा आणि चौथा तिबेटच्या स्वतःच्या गुरूंचा. पहिल्या तीन गटांतले जवळजवळ सगळे संत भारतीय आहेत, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही. भारतात बौद्ध विहार ओस पडल्यानंतर त्या आचार्यांची चित्ररूप आठवण जर कुठे सातत्याने जपली गेली असेल, तर ती हिमालयापलीकडे.

चेहरे सारखे का, याचे उत्तर या चित्रांच्या उपयोगात आहे. थांका हा प्रामुख्याने साधनेचा आधार असतो. साधक गुरूचे ध्यान करतो, गुरूला आपल्या डोक्यावर किंवा हृदयात बसलेला कल्पितो आणि त्या गुरूला बुद्धाहून वेगळा मानत नाही. मग चेहऱ्यावरच्या सुरकुत्या किंवा नाकाचा बाक यांना कितीसे महत्त्व उरणार? शिवाय बरीचशी चित्रे संताच्या मृत्यूनंतर शेकडो वर्षांनी, चरित्रग्रंथ आणि जुनी रेखाटने समोर ठेवून काढलेली असतात. अठराव्या शतकात नार्थांग मठात पंचेन लामांच्या पूर्वजन्मांची चित्रे लाकडी ठशांवर कोरली गेली. त्या ठशांवरून छापलेल्या रेषांत दूरदूरच्या चित्रकारांनी रंग भरले आणि त्यामुळे एकच आकृती, तीच मान वळवण्याची ढब, तोच हात, वेगवेगळ्या संग्रहालयांत पुन्हापुन्हा भेटते. बाराव्या-तेराव्या शतकातल्या काही लामाचित्रांत मात्र दाढीची ठेवण, कपाळाची रुंदी असे खास त्या माणसाचे बारकावे दिसतात आणि चित्रकाराने त्यांना किंवा त्यांच्या ओळखीच्या कोणाला पाहिले असावे असा संशय येतो. काही थांक्यांवर तर गुरूच्या पावलांचे ठसेच असतात. चेहऱ्यापेक्षा पाऊल अधिक खरे मानणाऱ्या या चित्रांचे मला विशेष वाटते, कारण गुरूच्या पायांवर डोके ठेवण्याची आपल्या सगळ्यांची जुनी सवय त्यांत सरळ चित्ररूप झाली आहे.

वाचनाची सुरुवात कपड्यांपासून करावी, कारण त्यातून निम्मे काम होते. भिक्षूचे चीवर दिसले की माणूस संन्यासी आहे हे ठरते. पण त्या चीवराच्या आत काय आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. भारतीय भिक्षूचा उजवा खांदा आणि दंड उघडा असतो, आत काही नसते. तिबेटी लामा मात्र आत बिनबाह्यांची बंडी घालतो आणि ती छातीवर, खांद्यापाशी स्पष्ट दिसते, बहुधा लाल आणि सोनेरी काठांची. एवढ्या एका बंडीवरून आचार्य नालंदेचा की ल्हासाचा, हे बहुतेक वेळा सांगता येते. गृहस्थ साधक लांब बाह्यांचा, कमरेला पट्टा बांधलेला झगा घालतो आणि त्याचे केस वाढलेले असतात. राजाच्या डोक्याला फेटा असतो. सिद्ध जवळजवळ उघडा, अंगावर हाडांचे दागिने, डोक्यावर जटांचा बुचडा, बसायला हरणाचे नाहीतर वाघाचे कातडे आणि गुडघ्याभोवती किंवा खांद्यावरून गेलेला योगपट्ट, म्हणजे ध्यानात शरीराला आधार देणारी कापडी पट्टी.

काग्यू या तिबेटी संप्रदायातले तीन गुरू शेजारी शेजारी पाहिले की कपड्यांची ही भाषा पक्की समजते. मार्पा हा अकराव्या शतकातला, दक्षिण तिबेटमधला शेतीभाती असलेला संसारी माणूस. तो भारतात जाऊन नारोपा या सिद्धाकडे शिकला आणि ग्रंथांचे भाषांतर करत राहिला. चित्रात तो जाडजूड, लांब केसांचा, घरगुती झग्यात, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून बसलेला असतो. त्याचा शिष्य मिलारेपा पातळ पांढऱ्या सुती वस्त्रात दिसतो आणि मिलारेपाचा शिष्य गंपोपा, जो आधी वैद्य होता आणि मग भिक्षू झाला, तो पूर्ण चीवरात, डोक्यावर लाल टोपी घालून बसतो. गृहस्थ, योगी आणि भिक्षू, अशा तीन वेगळ्या आयुष्यांतून एकच विद्या पुढे गेली, हे चित्रकाराने फक्त कपड्यांतून सांगितलेले असते.

टोपी हा त्यानंतरचा मोठा पुरावा, पण तो जपून वापरावा लागतो. भारतीय पंडिताची टोपी उंच, टोकदार आणि कानांवरून खाली आलेल्या लांब पट्ट्यांची असते. त्या पट्ट्या खांद्यापर्यंत लोंबतात. तिबेटी लोकांनी ती उचलली आणि संप्रदायागणिक तिचा रंग आणि घडण बदलली. साक्य परंपरेत ती लाल आहे आणि कानपट्ट्या वर घेऊन डोक्यावर दुमडलेल्या असतात. त्सोंगखापाच्या गेलुग परंपरेत ती पिवळी झाली, आणि म्हणून त्या संप्रदायाला लोक पिवळ्या टोपीचा म्हणतात. करमापा, म्हणजे काग्यू परंपरेतल्या एका गादीचे प्रमुख गुरू, यांचा मुकुट काळा असून त्यावर सोनेरी नक्षी असते. त्याच घडणीचा लाल मुकुट असेल तर ती आकृती शामर गुरूची असते, त्यामुळे कृष्णधवल छायाचित्रावरून या दोघांत फरक करणे अवघड जाते. परंपरा सांगते की पाचव्या करमापाला, देशिन शेकपाला, मिंग सम्राट योंगलोने १४०७ साली हा काळा मुकुट दिला. पण चित्रात बाराव्या शतकातल्या पहिल्या करमापाच्या डोक्यावरही काळा मुकुट असतो. चित्रकाराला तारखांशी काही देणेघेणे नसते. त्याला एवढेच सांगायचे असते की हे सगळे एकाच गादीचे आणि, तिबेटी श्रद्धेप्रमाणे, पुन्हापुन्हा जन्म घेणारे एकच गुरू आहेत.

हातांकडे वळल्यावर दोन गोष्टी पाहाव्या लागतात, मुद्रा आणि हातातली वस्तू. उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकलेली असतील तर भूमिस्पर्श, दोन्ही हात छातीपाशी एकमेकांत फिरवल्यासारखे असतील तर धर्मचक्र म्हणजे शिकवण्याची मुद्रा, तळवा बाहेर करून हात खाली सोडला असेल तर वरद. या मुद्रा बुद्धाच्याही असतात, तेव्हा केवळ त्यांवरून संताचे नाव सांगता येत नाही. वस्तूंचे तसे नाही. त्या अधिक बोलक्या असतात. पण त्यांतही एक मोठी फसगत आहे, ती म्हणजे तलवार आणि पोथी. अज्ञान छेदणारी तलवार आणि प्रज्ञापारमितेची पोथी ही मंजुश्री या बोधिसत्त्वाची चिन्हे. एखाद्या गुरूला मंजुश्रीचा अवतार मानले की त्याच्या दोन्ही हातांत कमळाचे देठ दिले जातात, ते देठ खांद्यांपर्यंत चढतात आणि फुलांवर एकीकडे तलवार, दुसरीकडे पोथी ठेवली जाते. आता हे मंजुश्रीचे मानकरी एकाहून अधिक आहेत. त्सोंगखापा (१३५७–१४१९) त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. पण साक्य पंडित (११८२–१२५१) यालाही हीच चिन्हे मिळतात आणि आठव्या शतकातला राजा त्रिसोंग देत्सेन यालाही. तेव्हा तलवार-पोथी दिसताच त्सोंगखापा म्हणून मोकळे होऊ नये. पिवळी टोकदार टोपी, धर्मचक्र मुद्रा आणि खाली दोन बाजूंना ग्यालत्सब आणि खेद्रुप हे शिष्य असतील तर त्सोंगखापा. लाल टोपी, आणि समोर जटाधारी ब्राह्मण पंडित वादात हरल्यासारखा असेल तर साक्य पंडित, कारण हरिनंद नावाच्या भारतीय वादपटूला त्याने हरवल्याची कथा प्रसिद्ध आहे. आणि फेटा, राजवस्त्रे असतील तर राजा.

पद्मसंभव हा या सगळ्या नियमांना पुरून उरणारा संत आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. आठव्या शतकात त्रिसोंग देत्सेनच्या बोलावण्यावरून तो भारतातून तिबेटला गेला आणि साम्ये हा पहिला मठ उभा राहण्यातल्या अडचणी त्याने दूर केल्या, असे परंपरा मानते. त्याच्या अंगावर एकावर एक इतके कपडे असतात की सुरुवातीला काही सुधरत नाही. मग लक्षात येते की त्यात भिक्षूचे चीवर आहे, मांत्रिकाचा निळा झगा आहे आणि वर राजाला शोभेल असा भरजरी झूलवजा अंगरखाही आहे. गंपोपाच्या किंवा मार्पाच्या कपड्यांतून एकच भूमिका कळते. इथे तिन्ही भूमिका एकाच देहावर चढवल्या आहेत, कारण तो सगळ्याच मार्गांचा गुरू मानला जातो. डोक्यावर कमळाच्या पाकळ्यांसारखी टोपी, तिच्या पुढच्या बाजूला चंद्रसूर्य आणि शेंड्यावर गिधाडाचे पीस. उजव्या हातात वज्र, डाव्या हातात कवटीचे पात्र, त्यात अमृताचा कलश. डाव्या कोपराच्या बेचक्यात टेकवलेले खट्वांग तर जवळून पाहण्यासारखे असते. त्या दांड्याच्या वर एकावर एक तीन मुंडकी ओवलेली असतात, एक नुकते कापलेले, एक सडू लागलेले आणि एक वाळून कवटी झालेले, आणि सर्वांत वर त्रिशूळ. बुद्धाच्या तीन कायांचे, म्हणजे तीन देहरूपांचे ते चिन्ह आहे, असे साधना शिकवणारे सांगतात, आणि खट्वांग हेच त्याच्या सहचारिणीचे गुप्त रूप मानले जाते. एवढ्यावर न थांबता चित्रकार त्याला बारीक मिशा देतो आणि डोळे मोठे, उघडे, सरळ बघणाऱ्यावर रोखलेले काढतो. इतर गुरू अर्धे मिटलेल्या डोळ्यांनी आत पाहतात, तर पद्मसंभव आपल्याकडे पाहतो. थांक्यात भाव ओळखायचा असेल तर डोळ्यांच्या या उघडझापीकडे लक्ष द्यावे.

मिलारेपा मात्र सर्वांत सोपा. उजवा हात कानामागे धरलेला दिसला की नाव घेऊन टाकावे. अकराव्या-बाराव्या शतकातल्या या योग्याने आपला सगळा उपदेश गाण्यांतून केला. पोवाडा गाणारा शाहीर जसा कानावर हात ठेवून सूर धरतो तसाच हा हात दिसतो. काही जण मात्र तो गुरूने कानात सांगितलेल्या गुप्त उपदेशाची खूण मानतात. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असायला काही हरकत नाही. त्याची गोष्ट तिबेटात घरोघर माहीत आहे. वडील वारल्यावर काका-आत्याने मालमत्ता लाटली, आईच्या सांगण्यावरून त्याने जारणमारणाची विद्या शिकून लग्नघर कोसळवले, माणसे मारली, गारपीट पाडली, आणि मग त्या पापाच्या ओझ्याने मार्पाला शरण गेला. मार्पाने त्याच्याकडून दगडी मनोरे बांधून घेतले आणि पुन्हापुन्हा पाडायला लावले. पुढे गुहांत राहताना तो खाजकोलतीसारख्या, अंगाला लागली की आग होणाऱ्या एका वनस्पतीचे कालवण खाऊन जगला आणि त्याची कातडी हिरवी पडली. म्हणून काही थांक्यांत त्याचे अंग खरोखर हिरवट रंगवलेले असते. नवख्या माणसाला वाटते की रंग उडाला किंवा काळवंडला. तो मुद्दाम तसा लावलेला असतो. पांढरे सुती वस्त्र हेही सहज निवडलेले नाही. तिबेटच्या थंडीत एवढ्याशा कपड्यावर राहू शकणारा तो, ज्याने चंडाली म्हणजे अंतरीच्या उष्णतेची साधना पचवली आहे. त्याच्याभोवती बहुधा गुहा, हरिण, शिकारी कुत्रा आणि धनुष्य बाजूला ठेवून हात जोडलेला शिकारी असतो. हरिण जीव वाचवायला गुहेत आले, मागून कुत्रा आणि शिकारी आले, आणि मिलारेपाच्या गाण्याने तिघेही शांत झाले, ती ही गोष्ट. कैलासाच्या पायथ्याशी ढोलावर बसून उडणारा एक बोन धर्माचा पुरोहित दिसला तर तीही याच संताच्या चरित्रातली घटना आहे; पैज होती शिखरावर आधी कोण पोचतो याची आणि मिलारेपा सूर्याच्या पहिल्या किरणाबरोबर वर गेला.

महासिद्धांच्या चित्रांत मराठी वाचकाला अनपेक्षितपणे ओळखीचे लोक भेटतात. बाराव्या शतकाच्या सुमारास अभयदत्तश्री या भारतीय आचार्याने सांगितलेली चौऱ्याऐंशी सिद्धांची चरित्रे तिबेटीत उतरली आणि पुढच्या बहुतेक चित्रमालिका त्यांवर आधारल्या. त्या यादीत मीनपा आठवा, गोरक्ष नववा आणि चौरंगी दहावा आहे. पुढे कान्हपा आणि जालंधरही येतात. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी चालत येते आणि कानिफनाथ, जालिंदरनाथ, चौरंगीनाथ ही नावे नाथांच्या कथांतून गावोगाव पोचली आहेत. थांक्यातला मीनपा हा कामरूपचा कोळी आहे. माशाने त्याला गिळले, आणि पाण्याखाली महादेव उमेला उपदेश करत असताना तिला झोप लागली आणि माशाच्या पोटातून याने होकार भरला. महाराष्ट्रात सांगितली जाणारी मच्छिंद्रनाथांची कथा तपशिलात वेगळी असली तरी तिचा सांगाडा हाच आहे. एकाच माणसाची आठवण एकीकडे नाथपंथात आणि दुसरीकडे तिबेटी थांक्यात अशी दोन घरी वाढली.

सिद्धांना ओळखताना मासा दिसला म्हणून घाई करू नये, कारण मासेवाले सिद्ध एकाहून अधिक आहेत. माशाच्या तोंडातून किंवा पोटातून बाहेर येणारा तो मीनपा. हातात एक मासा उचलून धरलेला, जटाधारी, सावळा तो तिलोपा, नारोपाचा गुरू. आणि कोळ्यांनी टाकून दिलेल्या माशांच्या आतड्यांचा ढीग शेजारी ठेवून ती खाणारा तो लुईपा, यादीतला पहिला सिद्ध. राजघराण्यात जन्मलेल्या या माणसाला आपल्या शुद्धतेचा अहंकार मोडायचा होता, म्हणून गंगेकाठी बारा वर्षे तो त्यावर जगला. बाण सरळ करत बसलेला किंवा बाण हातात धरलेला सरह, मोरपिसे आणि धनुष्यवाला शबरीपा, कुत्रीला जवळ घेतलेला कुक्कुरीपा, हे तुलनेने सरळ. विरूपा तर्जनी वर करून सूर्याकडे रोखतो. गुत्त्यात बसून त्याने सांगितले की सावली या रेघेपर्यंत आली की पैसे देईन, आणि मग सूर्यच थांबवून ठेवला. शेवटी राजाला पैसे भरावे लागले. साक्य परंपरा आपली मुख्य साधना याच दारुड्या सिद्धापासून आल्याचे मानते आणि त्याला मठाच्या भिंतीवर मानाने बसवते.

वाघाचेही तेच. गाभण वाघिणीवर बसून, हातात विषारी सापाचा चाबूक घेऊन, सहचारिणीसह येणारा तो डोंबी हेरुक. मगधाच्या या राजाने खालच्या मानलेल्या जातीतल्या स्त्रीचा स्वीकार केला, प्रजेने त्याला राज्याबाहेर काढले आणि बारा वर्षांनी तो असा परत आला. वाघ आणि सापाचा चाबूक म्हटले की आपल्याला चांगदेव आठवणारच, ज्यांच्या भेटीला ज्ञानेश्वर भिंत चालवत गेले. साधूचा हा दिमाख भारतात अनेक ठिकाणी, अनेक पंथांत सांगितला जातो आणि कोणी कोणाचा उचलला, या वादात पडण्याचे कारण नाही. थांक्यापुरते सांगायचे तर वाघिणीवर लालभडक, तीन डोळ्यांची, वज्र आणि खिळ्यासारखे शस्त्र घेतलेली उग्र आकृती असेल तर तो डोंबी हेरुक नसून पद्मसंभवाचेच एक रूप, दोर्जे द्रोलो असतो. आणि वाघ शेजारून मुकाट चालत असेल, माणसाच्या पाठीवर पोथ्यांचा भारा असेल, तर तो अर्हतांचा सेवक धर्मताल.

अर्हतांबद्दल थोडक्यात. तिबेटात ते सोळा मानतात आणि मैत्रेय हा पुढचा बुद्ध येईपर्यंत धर्म सांभाळण्याचे काम बुद्धाने त्यांच्यावर सोपवले, अशी समजूत आहे. त्यांची चित्रे चिनी परंपरेच्या प्रभावाखाली घडली, म्हणून तिथे वाकडी देवदारे, खडक, धबधबे आणि ढग दिसतात आणि चेहरेही थांक्यातल्या इतर कोणाहून अधिक माणसासारखे असतात, सुरकुतलेले, भुवया लोंबलेले. ओळख हातातल्या वस्तूंवरून. राहुल, म्हणजे बुद्धाचा मुलगा, मुकुट धरतो, अभेद छोटा स्तूप, अंगज धुपाटणे आणि चवरी, नागसेन कलश आणि भिक्षूंची खुळखुळ वाजणारी काठी, बकुल मुंगूस. ते मुंगूस तोंडातून रत्ने ओकत असते. लेहच्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे ते कुशोक बकुल रिंपोचे याच अर्हताचे अवतार मानले जात. सोळांच्या सोबत एक ढेरपोट्या, हसरा, मुलांच्या गराड्यातला भिक्षू असतो, त्याचे नाव ह्वशांग. दुकानांतल्या लाफिंग बुद्धाशी त्याचे नाते आहे.

वस्तूही नेहमी मदतीला येत नाहीत. साध्या चीवरातला, रिकाम्या हातांचा लामा शेकडो थांक्यांत मध्यभागी बसलेला असतो. अशा वेळी चित्राच्या वरच्या कडेकडे पाहावे. तिथे लहान आकृत्यांची रांग असते आणि ती शोभेसाठी नसते. ती गुरुपरंपरा असते. काग्यू चित्र असेल तर बरोबर मधोमध निळा वज्रधर, म्हणजे या परंपरेचा आदिबुद्ध, मग त्याच्या एका बाजूला तिलोपा, दुसऱ्या बाजूला नारोपा, पुन्हा पहिल्या बाजूला मार्पा, मग पलीकडे मिलारेपा, अशी क्रमवारी बहुधा एकाआड एक दोन्हीकडे उतरत जाते. ही रांग डावीकडून उजवीकडे सरळ वाचली तर सगळा इतिहास विस्कटतो. नीट वाचली तर ती मधल्या मोठ्या आकृतीपर्यंत किंवा तिच्या गुरूपर्यंत पोचते, आणि वरचे तीन-चार जण ओळखू आले तर खालच्यांची नावे परंपरेच्या याद्यांशी ताडून काढता येतात. चित्राचा काळ ठरवण्याचा हा अभ्यासकांचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण रांगेतला शेवटचा गुरू ज्या पिढीतला, त्याच्या आधी ते चित्र असूच शकत नाही. शैलीवरून काढलेले अंदाज अनेकदा शे-दीडशे वर्षांनी चुकतात. रांग सहसा चुकत नाही.

या रांगांमुळे चित्रकाराच्या कामाकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. कापड चौकटीला दोऱ्यांनी ताणून बांधायचे, सरस आणि खडूचा थर द्यायचा, तो गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने घोटायचा आणि मग मोजमापाच्या रेघा मारायच्या. बुद्धाचे माप कालचक्र परंपरेत १२५ अंगुळांचे ठरलेले आहे आणि त्यात सूतभर फरक चालत नाही. संतांच्या बाबतीत हात बराच सैल सुटतो, मान वळवता येते, अंग तिरके करता येते, पोट सुटलेले दाखवता येते. त्यानंतर खनिज रंग येतात, हिरव्यासाठी मॅलाकाइट, निळ्यासाठी अझुराइट, लालसाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ, आधी आकाश आणि डोंगर, मग कपडे, मग अंग. सोन्याच्या रेषा शेवटी, आणि डोळे सर्वांत शेवटी.

इतके करूनही नाव लागत नसेल तर थांका उलटा करावा लागतो. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मागच्या बाजूला, पुढच्या प्रत्येक आकृतीच्या कपाळ, कंठ आणि हृदय यांच्या नेमक्या मागे, ॐ, आः, हूं ही अक्षरे लिहितात. पुढचा रंग झडून गेला असला तरी मागच्या अक्षरांच्या तिकड्या मोजून मूळ चित्रात किती संत होते हे सांगता येते. काही थांक्यांवर मंत्र आणि धर्माचे श्लोक स्तूपाच्या आकारात लिहिलेले असतात, काहींवर प्रतिष्ठा करणाऱ्या लामाच्या दोन्ही तळव्यांचे ठसे असतात, आणि नशीब चांगले असेल तर त्याचे नावही. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या प्रवासांतून आणून पाटण्याच्या संग्रहालयाला दिलेले थांके किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या हिमालयीन कलेच्या वस्तू पाहताना मागची बाजू आपल्याला दिसत नाही, कारण त्या भिंतीला किंवा काचेला लागून असतात. पण हल्लीच्या चांगल्या सूचींत पुढच्या चित्राबरोबर पाठीचे छायाचित्रही देतात, आणि नाव पक्के करायचे असेल तर आधी ते पान उघडावे.